चार्ज देणाऱ्या आणि चार्ज घेणाऱ्या

क्रिकेट हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे एखादी भगिनी विचारील. पुरुषमंडळींनी टी.व्ही. अडवून बसायचे, आपण स्वयंपाकघरातून चहाचे कप पोचवायचे आणि आरडाओरडा झाला की "कोण आऊट झालं?" एवढे विचारायचे, इतकाच आपल्यापैकी बहुतेकींचा या खेळाशी संबंध. माझाही कित्येक वर्षे तेवढाच होता. परंतु गेल्या काही वर्षांत हा खेळ आमच्या घरात वेगळ्या दाराने आला. तो लेकीच्या आणि नातीच्या दाराने आला. तेव्हापासून मी धावफलकापेक्षा माणसांकडे जास्त पाहू लागले. जुनी माणसे कशी जातात, नवी कशी येतात आणि जाता-येताना एकमेकींच्या हातात काय ठेवतात, हा प्रश्न केवळ मैदानाचा नाही. तो घराचा आहे, नोकरीचा आहे आणि समाजाचाही आहे. म्हणून आज चार शब्द लिहिते.

मी परिचारिका. एका मोठ्या रुग्णालयात ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या पेशात पाळी संपली म्हणून पर्स उचलून निघता येत नाही. पुढच्या पाळीची सिस्टर आली की तिला चार्ज द्यावा लागतो. चावी, रजिस्टर, औषधांचा साठा हे तर झालेच. पण चार क्रमांकाच्या खाटेवरच्या आजी रात्री उठून चालू लागतात, नऊ क्रमांकाच्या बाळंतिणीचा ताप उतरला तरी डोळा ठेवा, बाराव्या खाटेवरच्या मुलाला आईची आठवण येते, त्याच्याशी दोन शब्द बोला, हेही सांगावे लागते. ते रजिस्टरमध्ये नसते. चार्ज नीट दिला नाही तर पुढची सिस्टर कितीही हुशार असो, पहिला तास अंधारात चाचपडते. आणि चार्ज घेणारीने मान वर करून ऐकलेच नाही, तर देणारीचे सांगणे वाया जाते. देणे आणि घेणे, दोन्ही शिकावे लागते.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. ७ मेला रोहित शर्माने कसोटी क्रिकेट सोडले. पाचच दिवसांनी, १२ मेला, विराट कोहलीने सोडले. १२३ कसोटी, ९,२३० धावा आणि ३० शतके त्याच्या नावावर. त्याच्या आधी डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला सामना संपताच रविचंद्रन अश्विन निवृत्त झाला, ५३७ बळी घेऊन. पुढे ऑगस्टमध्ये चेतेश्वर पुजाराही गेला. आमचे हे बाळ पंडितांचे मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकत मोठे झालेले. ते म्हणाले, "अगं, आता इंग्लंडात काय होणार? सगळी पोरं आहेत." मी म्हटले, "अहो, तुम्ही वर्कशॉपमधून निवृत्त झालात तेव्हा रेल्वे बंद पडली का?" ते काही बोलले नाहीत. त्या दौऱ्यात २५ वर्षांच्या शुभमन गिलने कर्णधार म्हणून ७५४ धावा केल्या. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज याने शेवटच्या सकाळी ओव्हलवर सामना सहा धावांनी जिंकून दिला. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. यांचा चेहरा खुलला.

परंतु पुरुषांच्या संघात जाणाऱ्याला निदान निरोप मिळतो. वर्तमानपत्राचे पहिले पान मिळते, जाहिराती मिळतात, पुढे समालोचनाची खुर्ची मिळते. ज्यांना यातले फारसे काही मिळत नव्हते अशा बायकांनी वीस-बावीस वर्षे खेळून चार्ज कसा दिला, ही गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ती मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांची गोष्ट आहे.

या दोघींच्या आधीची पिढी आधी सांगितली पाहिजे. भारतात महिला क्रिकेटची संघटना १९७३ साली स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ किती? तर तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ मध्ये वेस्ट इंडीजच्या मुली इकडे आल्या, तेव्हा शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली आपल्या संघाने पाटण्याला पहिला कसोटी विजय मिळवला. त्या काळच्या खेळाडू अनारक्षित डब्यातून प्रवास करीत, शाळांच्या वर्गात किंवा धर्मशाळेत जमिनीवर झोपत, एकच बॅट तिघी-चौघी वापरीत. डायना एडलजी यांच्यासारख्या खेळाडूंना रेल्वेने नोकरी दिली. पुढच्या कित्येक मुलींचे घर त्या रेल्वेच्या पगारावर चालले. भारतीय क्रिकेट मंडळाने महिला क्रिकेट आपल्याकडे घेतले ते थेट २००६ साली. म्हणजे ३३ वर्षे या बायकांनी जवळजवळ स्वतःच्या हिमतीवर वॉर्ड चालवला, असेच म्हणायला पाहिजे.

मिताली राज १९९९ साली, वयाच्या १६ व्या वर्षी आयर्लंडविरुद्ध पहिला सामना खेळल्या आणि नाबाद ११४ धावा काढल्या. लहानपणी त्या भरतनाट्यम शिकत होत्या. २००२ साली इंग्लंडमध्ये टाँटनला त्यांनी कसोटीत २१४ धावा केल्या. झूलन गोस्वामी पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यातल्या चाकदहाच्या. १९९७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना कोलकात्याला इडन गार्डन्सवर झाला, तेव्हा पंधरा वर्षांच्या झूलन सीमारेषेबाहेर चेंडू परत फेकायला उभ्या होत्या. दोन परदेशी संघांच्या बायका खेळताना पाहून त्यांनी मनाशी ठरवले की आपणही हेच करायचे. सरावासाठी पहाटेची लोकल पकडून कोलकात्याला जायचे, पुन्हा घरी यायचे. आपल्या कर्जत-कसाऱ्याकडच्या भगिनींना हा प्रवास काय असतो ते वेगळे सांगायला नको.

२००५ साली मिताली यांच्या नेतृत्वाखाली संघ दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरला. त्या स्पर्धेत सामन्यागणिक एक हजार रुपये मिळाले होते, असे मिताली यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाची ती कमाई! नंतर बारा वर्षे थांबावे लागले. २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मिताली कर्णधार. झूलन यांनी २३ धावांत तीन बळी घेतले. इंग्लंडने २२८ धावा केल्या होत्या. आपल्या ३ बाद १९१ झाल्या होत्या, मुंबईची पूनम राऊत ८६ धावा करून खेळत होती. तिथून डाव कोसळला आणि २१९ वर संपला. नऊ धावा! त्या रात्री मी वॉर्डात ड्यूटीवर होते. नातेवाइकांच्या बाकावर कोणाच्या तरी मोबाईलवर सामना चालू होता आणि सामना संपल्यावर बाकावरच्या चार अनोळखी बायका एकमेकींकडे पाहत गप्प बसल्या होत्या. महिला क्रिकेटसाठी बायकांना असे गप्प झालेले मी प्रथमच पाहिले.

आता एक कडू गोष्ट. चार्ज देणे-घेणे नेहमी हसतमुखाने होत नाही. २०१८ साली वेस्ट इंडीजमध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. कर्णधार होती हरमनप्रीत कौर. त्या सामन्यात मिताली यांना संघाबाहेर बसवले. आपला डाव ११२ धावांत आटोपला आणि इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला. त्यानंतर मोठा वाद झाला, पत्रे वर्तमानपत्रांत आली. कोण बरोबर, कोण चूक, यात मला पडायचे नाही. परंतु नोकरी केलेल्या प्रत्येक बाईला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. आपण शिकवलेली मुलगी आपल्या टेबलापाशी येऊन बसते आणि "मॅडम, हे आता अशा पद्धतीने करतात," असे सांगते. कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या ज्येष्ठ सिस्टरांना असेच बाजूला बसावे लागले होते. दुखते. पण पुढची पाळी त्याच मुलीच्या हाती जाणार असते.

मिताली त्यानंतरही खेळत राहिल्या. मार्च २०२२ मध्ये न्यूझीलंडला त्यांचा सहावा विश्वचषक झाला. शेवटच्या साखळी सामन्यात त्यांनी ६८ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेने शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला आणि आपला संघ उपांत्य फेरीआधीच घरी आला. दुखापतीमुळे झूलन त्या सामन्यात खेळू शकल्या नाहीत. ८ जून २०२२ रोजी मिताली निवृत्त झाल्या. एकदिवसीय सामन्यांत ७,८०५ धावा. २४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर झूलन शेवटचा सामना खेळल्या. त्यांचे एकदिवसीय सामन्यांतले २५५ बळी हा जागतिक विक्रम होता. नाणेफेकीला हरमनप्रीतने त्यांना सोबत नेले. संघाच्या घोळक्यात ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. दोघींच्या पदरात विश्वचषक मात्र नव्हता.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. वीस-वीस वर्षे एखादे काम करावे, जगात पहिल्या क्रमांकाचे करावे आणि ज्यासाठी केले ते हाती न येताच निघून जावे. मग त्या कामाचा उपयोग काय? माझ्या आजीने जन्मभर मोलमजुरी केली. तिने अक्षर गिरवले नाही, पण माझ्या आईला सातवीपर्यंत शिकवले. आईने मला नर्सिंगला पाठवले. आजीच्या पदरात काय पडले? तिच्या हिशेबात काहीच नाही. पण माझ्या पगाराच्या पहिल्या पाकिटात तिचा वाटा होता, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

२०२५ चा विश्वचषक आपल्याकडे झाला. आपला संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध इंदूरला तर अवघ्या चार धावांनी. लोकांनी नेहमीप्रमाणे नावे ठेवायला सुरुवात केली. पण संघ पाहा कसा होता! सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, जी नवव्या वर्षीच महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली होती. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, जी हॉकीही तितक्याच उत्साहाने खेळे. कांदिवलीची राधा यादव, जिच्या वडिलांचा छोटासा भाजीचा ठेला होता. हिमाचलच्या खेड्यातली रेणुका ठाकूर, जिचे वडील ती लहान असतानाच वारले आणि आईने नोकरी करून दोन्ही मुले वाढवली. ते वडील विनोद कांबळीचे एवढे चाहते होते की त्यांनी मुलाचे नावच विनोद ठेवले. बुंदेलखंडातल्या घुवारा गावची क्रांती गौड, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याची श्री चरणी आणि सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी जिला स्वतःच्या हाताने बॅट घडवून दिली ती अमनजोत कौर. मिताली-झूलन यांच्या काळात एवढ्या आडवाटेच्या गावांपर्यंत निवड समितीची नजर पोचत नव्हती.

३० ऑक्टोबरला नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर एवढा मोठा पाठलाग कोणी यशस्वी केला नव्हता. जेमिमाने नाबाद १२७ धावा काढून तो करून दाखवला. हरमनप्रीतने ८९ केल्या. याच स्पर्धेत एका सामन्यात जेमिमाला वगळले होते. सामन्यानंतर ती रडत रडत बोलली. या दौऱ्यात मनाची फार ओढाताण झाली, जवळजवळ रोज रडले, असे तिने सगळ्या देशासमोर सांगितले. मला तिच्या शतकाइतकेच या बोलण्याचे मोल वाटते. आपल्या घरांत मुलगी गप्प झाली की "अभ्यास कर, बरे वाटेल," असे म्हणून आपण मोकळ्या होतो. मनाचेही दुखणे असते आणि ते सांगितल्याने कोणी लहान होत नाही, हे तिने दाखवले.

२ नोव्हेंबरला अंतिम सामना. पावसामुळे दोन तास उशीर, त्यामुळे सामना संपायला मध्यरात्र झाली. सलामीची प्रतिका रावल पायाच्या दुखापतीने बाहेर गेली होती. तिच्या जागी ऐनवेळी बोलावलेल्या २१ वर्षांच्या शफाली वर्माने ८७ धावा केल्या आणि वर दोन बळीही घेतले. दीप्ती शर्माने ५८ धावा केल्या आणि ३९ धावांत पाच बळी टिपले. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट हिने एकाकी झुंज देत १०१ धावा केल्या. तिचेही कौतुक केले पाहिजे. तिचा झेल अमनजोतच्या हातातून दोनदा निसटत अखेर पकडला गेला, तेव्हा आमच्या चाळीतून एकच गलका झाला. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला. ५२ धावांनी विजय.

परंतु मला आयुष्यभर लक्षात राहील ते त्यानंतरचे. प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून मैदानात आली आणि सगळ्यांनी तिला मध्ये घेतले. मग या मुली चषक घेऊन सीमारेषेकडे गेल्या. तिथे मिताली, झूलन आणि अंजुम चोप्रा उभ्या होत्या. समालोचनासाठी आल्या होत्या. मुलींनी चषक त्यांच्या हातात दिला. झूलन हुंदके देऊन रडल्या. २०२२ च्या अपयशानंतर हरमनप्रीत आणि स्मृती रात्री त्यांच्या खोलीवर आल्या होत्या आणि पुढच्या वेळी तुम्ही असाल की नाही ठाऊक नाही, पण तुमच्यासाठी चषक आणू, असे सांगून गेल्या होत्या, ही आठवण झूलन यांनी सांगितली. मिताली यांनी चषक डोक्यावर उचलला. २०१८ च्या त्या कडू दिवसानंतर त्याच हरमनप्रीतच्या संघाचा चषक मिताली यांच्या हातात होता. माझ्या तोंडून निघून गेले, "चार्ज पोचला!" आमच्या यांना काही कळले नाही, पण लेकीला कळले.

आणखी एक माणूस तिथे उभा होता. संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. मुंबईकडून १९९४ साली पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा करणारा, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा काढणारा हा फलंदाज भारताकडून एकही सामना खेळू शकला नाही. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेले तेच होते. पात्रता असून पाळी आली नाही. तरी माणूस कडवट झाला नाही. जे स्वतःला मिळाले नाही ते दुसऱ्यांना मिळवून द्यायला उभा राहिला. हरमनप्रीतने त्यांच्या पायांना हात लावला.

पात्रता असून पाळी न येणे, हे वाक्य आपल्या वाचकांना नवे नाही. पळवणकर बाळू यांचे नाव आपल्याकडे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता आणि सरावाला चेंडू टाकता टाकता ते गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांचा चेंडू चालत असे, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या पात्रात! हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. एकाने दार ठोठावायचे आणि दुसऱ्यासाठी ते उघडायचे, हा आपला जुना अनुभव आहे. सांगायचे तात्पर्य, कोणात गुण आहे हा प्रश्न नंतरचा. मैदानात पाऊल ठेवू कोणाला देतात, हा पहिला.

आता घरचे सांगते. माझी लेक १९९८ च्या सुमाराला आठवीत होती. वसाहतीच्या पटांगणात मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळायची आणि हात चांगला फिरवायची. तिच्या शाळेत मुलांचा संघ होता, किट होते. मी स्वतः दोनदा शाळेत जाऊन विचारले. उत्तर मिळाले, "बाई, मुलीला सीझन बॉल लागला तर जबाबदारी कोणाची? तिला दोरीच्या उड्या मारू द्या." दहावीनंतर तिचे खेळणे आपोआप थांबले. शिकली, एस.टी.त कंडक्टर झाली. भरल्या गाडीत तिकिटे फाडत मागपर्यंत जाते आणि कोणाचे ऐकून घेत नाही. तिचे चांगले चालले आहे.

आता तिची मुलगी आठवीत आहे. विश्वचषकानंतर तिने हट्ट धरला की मला मैदानावर नाव घालायचे आहे. मला वाटले, लेक लगेच हो म्हणेल. पण विरोध तिनेच केला. म्हणाली, "आई, संघ पंधरा जणींचा असतो. बाकीच्या हजारोंचं पुढे काय होतं ते टी.व्ही.वर कोणी दाखवत नाही. आपल्यासारख्यांना शिक्षणानेच वर काढलंय. पोरगी गणितात हुशार आहे. दोन वर्षांनी दहावी." यात खोटे काहीच नव्हते. २०२२ मध्ये मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली आणि लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख मिळाले, विश्वचषकानंतर मंडळाने संघाला ५१ कोटी जाहीर केले. हे सगळे खरे आहे. पण ते आकडे दाखवून मुलीला मैदानात पाठवणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढण्यासारखे आहे. बॅट, पॅड, बूट, महिन्याची फी, रिक्षाभाडे हे खर्च मात्र पहिल्या दिवसापासून खरे असतात.

बराच वेळ चर्चा चालली. आमचे हे म्हणाले, खेळू द्या. जावईबापू म्हणाले, बघू या पुढच्या वर्षी. शेवटी नात बोलली. "आजी, मला इंडियाकडून खेळायचंय असं मी म्हणाले का? मला बॉल नीट टाकायला शिकायचंय. आईला पण येतो, पण तिला कोणी शिकवलंच नाही." सगळे गप्प झाले. लेक उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "आठवड्यात तीन दिवस. परीक्षेच्या महिन्यात बंद. मार्क कमी झाले तर मी ऐकणार नाही." अशा रीतीने करार झाला.

बूट माझ्या पेन्शनमधून आले. सकाळी साडेसहाला आजोबा तिला घेऊन मैदानावर जातात आणि कुंपणापाशी उभे राहून बाळ पंडितांच्या थाटात समालोचन करतात, अशी नातीची तक्रार आहे. मुलींची तुकडी अवघी चौदा जणींची. पहिल्या आठवड्यात नातीकडे पॅड नव्हते. तुकडीतली एक मोठी मुलगी बारावीच्या परीक्षेसाठी खेळ सोडत होती. तिने आपले पॅड नातीला दिले आणि डावा पट्टा सैल आहे, तो आडवा बांध, नाहीतर धावताना निसटतो, असेही बजावले. मी घरी ते पॅड पाहिले. आतल्या बाजूला शाईने तीन नावे लिहिलेली होती, दोन खोडलेली आणि एक ताजे. नातीने खाली आपले नाव लिहिले. मी तिला सांगितले, वरची नावे नीट वाचता येतील अशी राहू दे. त्या मुलींना पुढे काय मिळाले ते आपल्याला माहीत नाही, पण त्यांच्यामुळे तुझे गुडघे शाबूत आहेत.

भगिनींनो, प्रत्येक घरातून मिताली किंवा स्मृती निघणार नाही आणि निघावी असा आग्रहही नको. परंतु आपल्या प्रत्येक वसाहतीत एखादे पटांगण असते आणि संध्याकाळी ते पूर्णपणे मुलांच्या ताब्यात असते. मुली कडेच्या कट्ट्यावर बसून पाहतात. आमच्या महिला मंडळाने मुलांशी बोलून संध्याकाळी पाच ते सहा हा तास मुलींसाठी मागून घेतला. भांडण न करता मिळाला. सुरुवातीला पाच मुली आल्या. नंतर काही महिने चार-पाचच येत होत्या, आता अकरा येतात. त्यांना टेनिस बॉल आणि एक बॅट मंडळाच्या वर्गणीतून घेऊन दिली. ज्या ज्येष्ठ भगिनी कधी काळी खो-खो, कबड्डी खेळल्या असतील, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी त्या मैदानावर जाऊन उभे राहावे. शिकवण्यासारखे काही नसले तरी चालेल. कोणीतरी मोठी बाई आपल्याकडे पाहते आहे, एवढ्यानेही मुलींचा हात मोकळा होतो आणि टवाळी करणारी पोरे दूर राहतात.

जाणाऱ्यांनी चावी मुठीत धरून ठेवू नये आणि येणाऱ्यांनी मागची नावे खोडू नयेत. एवढे जमले तरी पुष्कळ झाले. आपल्या वसाहतीत मुलींना असा एखादा तास मिळाला असेल किंवा मिळवताना काही अडचण आली असेल, तर या पानाकडे जरूर लिहून कळवा.